जुनी दुर्बीण आतून धुरकट होते का? घेण्याआधी आणि घेतल्यावर कसं तपासायचं

पुण्याच्या जुन्या बाजारात दुपारी बाराच्या उन्हात दुर्बीण डोळ्याला लावली, तर ती धुरकट दिसणारच नाही. मलाही दिसली नाही. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी, टाकीवरचा कावळा, कावळ्याच्या चोचीतली काडी, सगळं लख्ख. पूर्व जर्मनीत बनलेली ८x३० (आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच ३० मिलिमीटरची), पट्टा तुटलेला, पण काचा स्वच्छ. १,८०० रुपये मोजले आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले.

जानेवारीत रात्रीच्या गाडीने डोंबिवलीहून निघून आम्ही भिगवणला पोहोचलो. पहाटे उजनीच्या पाण्यावर होडी निघाली, समोर रोहित पक्ष्यांचा थवा, आणि माझ्या दुर्बिणीत दूध. कापडाने पुसलं, ओढणीने पुसलं, शेवटी नावाडीदादांनी त्यांचा रुमाल दिला. बाहेरून काच कोरडी ठणठणीत, तरी आत पांढरं. ऊन वर आल्यावर, साडेनऊच्या सुमारास, ते आपोआप गेलं. तोवर थवा लांब गेला होता.

विकणाऱ्याने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या दुकानात ते दिसणं शक्यच नव्हतं. आतलं धुकं थंडीत धरतं, आणि बाजारात थंडी नसते. म्हणून तपासायचं तर थंडी आपणच बरोबर न्यायची. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. पक्षीनिरीक्षणाची दुर्बीण, स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण), रायफलीवरची जुनी दुर्बीण, तिन्हींना हीच पद्धत चालते. जिथे फरक आहे तिथे सांगते.

काय काय लागेल

- छोटा एलईडी टॉर्च. मोबाइलचाही चालतो, पण बारीक झोताचा बरा.
- हवा मारायचा रबरी फुगा (कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतो) आणि धुतलेलं मायक्रोफायबर कापड.
- झिपची मोठी जाड पिशवी, दुर्बीण आत पूर्ण मावेल अशी.
- गार पाण्याची बाटली आणि एक कोरडा नॅपकिन. या बाजारासाठी.
- घरचा फ्रीज.
- झाकण घट्ट बसणारा डबा, साधारण १०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक. हे वाळवण्यासाठी, त्यामुळे नंतर घेतलंत तरी चालेल.

पेचकस यादीत नाही. घरी असला तर आजच्यापुरता कपाटात ठेवा.

१. दुर्बीण कोणत्या जातीची आहे ते ओळखा

जुन्या दुर्बिणींत सर्वांत जास्त सापडते ती खांदेवाली, म्हणजे पुढच्या काचा लांब-लांब आणि डोळ्याकडच्या जवळ-जवळ. मधलं चाक फिरवलं की डोळ्याकडचे दोन्ही आयपीस पुढे-मागे सरकतात. नीट विचार केलात तर लक्षात येईल, हा पंप आहे. आयपीस बाहेर आले की आतली जागा वाढते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. आत गेले की हवा बाहेर पडते. म्हणजे ही दुर्बीण श्वास घेते. मुंबईत असेल तर मुंबईचा, भिगवणला असेल तर भिगवणचा. माझ्या दुर्बिणीने रात्रभर डोंबिवलीची ओलसर हवा पोटात ठेवली आणि पहाटेच्या गारठ्यात ती आतल्या काचेवर सोडली.

काही खांदेवाल्या दुर्बिणींना मधलं चाक नसतं, दोन्ही डोळ्यांचे आयपीस वेगवेगळे फिरवावे लागतात. जहाजांवर आणि सैन्यात वापरायच्या अनेक दुर्बिणी अशाच असत, कारण त्या बंद ठेवणं सोपं जातं. पक्ष्यांमागे धावायला कटकटीच्या, पण ओल कमी धरतात.

तिसरी जात सरळ नळ्यांची. यातल्या पुष्कळशा पूर्ण बंद असतात आणि आत कोरडा नायट्रोजन भरलेला असतो. ‘पुष्कळशा’ म्हटलं, ‘सगळ्या’ नाही. खिशात मावणाऱ्या स्वस्त सरळ दुर्बिणी बहुतेक वेळा उघड्याच असतात. अंगावर वॉटरप्रूफ लिहिलेलं दिसलं तरी जुन्या मालात त्यावर विसंबू नका. आतली रबरी कडी वीस-पंचवीस वर्षांत कडक होते आणि मग लिहिलेलं फक्त लिहिलेलं राहतं.

रायफलीच्या दुर्बिणींचंही पूर्वी हेच रडगाणं होतं. अमेरिकेतल्या ल्यूपोल्ड कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस आत नायट्रोजन भरून धुकं न धरणारी दुर्बीण बाजारात आणली आणि ती पद्धत पुढे सर्वत्र पसरली. त्याआधीच्या काळातली रायफलीची दुर्बीण हातात आली, तर ती उघडी आहे असंच धरून चाला.

२. टॉर्चची तपासणी: दुकानातच, पैसे देण्याआधी

दुर्बीण उलटी धरा, पुढची मोठी काच आपल्याकडे. टॉर्च आयपीसच्या बाजूने आत मारा, पण थोडा तिरका. सरळ मारलात तर झोत थेट तुमच्या डोळ्यात येईल. आता पुढच्या काचेतून आत बघा आणि टॉर्च हळूहळू हलवा. मग बाजू बदला. दोन्ही नळ्या, दोन्ही बाजूंनी, म्हणजे चार वेळा बघायचं. (टॉर्च नाही म्हणून सूर्याकडे धरून बघू नका, क्षणभरही नाही. डोळा कायमचा जाईल.)

थोडी धूळ दिसेलच. घाबरू नका, धुळीचे पाच-पन्नास कण चित्रात काही फरक करत नाहीत. बघायचं ते हे:

कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा पिसासारखे फुटलेले धागे दिसले, तर ती बुरशी. ती बहुधा कडेपासून सुरू होते. बुरशीतून निघणारं आम्ल काचेवरचा लेप खातं, त्यामुळे बुरशी साफ केली तरी खूण राहू शकते.

सगळ्या काचेवर सारखा पसरलेला, तेलकट, किंचित निळसर-करडा थर दिसला, तर तो आतल्या जुन्या ग्रीसचा. ग्रीसमधला तेलाचा अंश वर्षानुवर्षं उडत राहतो आणि काचेवर बसतो. हा पाण्याचा नाही आणि कितीही वाळवला तरी जाणार नाही. बरेच जण इथे चुकतात.

कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग किंवा पिवळट चकती दिसली, तर दोन काचा चिकटवलेला डिंक सुटतोय. जुन्या काळी त्यासाठी कॅनडा बाल्सम वापरत. अशी दुर्बीण सरळ परत द्या.

वाळलेल्या थेंबांच्या गोल कडा दिसल्या, तर आत कधीतरी खरंच पाणी गेलं होतं.

डाग नेमका कुठे आहे हे कळायला एक युक्ती आहे. उजवा आयपीस, म्हणजे ज्यावर अधिक-उणेच्या खुणा असतात तो, हळू फिरवा. डाग बरोबर फिरला तर तो आयपीसमध्ये आहे, आणि आयपीस वेगळा काढून साफ करणं त्या मानाने सोपं. डाग जागच्या जागी राहिला तर तो प्रिझमवर (आतल्या, प्रकाश वळवणाऱ्या काचेच्या ठोकळ्यावर) किंवा पुढच्या काचेच्या मागे. तिथवर जायचं म्हणजे खर्च.

३. गार बाटलीची तपासणी: हीसुद्धा दुकानातच

शेजारच्या टपरीवरून गार पाण्याची बाटली घ्या, ती नॅपकिनमध्ये गुंडाळा (बाटलीचं पाणी दुर्बिणीवर ओघळू नये म्हणून) आणि पुढच्या काचेजवळच्या धातूच्या नळीला पाच-सात मिनिटं टेकवून धरा. काचेला नाही, नळीला. बर्फ थेट काचेवर ठेवायचा सल्ला काही जण देतात. चिकटवलेल्या जुन्या काचांवर तो धक्का मी देणार नाही, तुम्हीही देऊ नका. तेवढा वेळ विक्रेत्याशी भावाची घासाघीस करा.

आता बघा. काच धुरकट झाली असेल, तर प्रश्न हा की बाहेरून की आतून. इथे रेघेची खूण लावायची. रबरी फुग्याने धूळ उडवा आणि कापडाच्या कोपऱ्याने काचेवर हलक्या हाताने एकच रेघ ओढा. रेघेच्या जागी काच स्वच्छ झाली, तर दव बाहेरचं. रेघेतूनही मागे पांढरं दिसलं, तर ते आतलं.

बाहेरचं दव हा दोष नव्हे. पावसाळ्यात हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली दव धरू लागतं तो आकडा, साधारण २५ अंशांवर येतो. म्हणजे २२ अंशांच्या एसी खोलीतून बाहेर आणलेली कुठलीही वस्तू, चष्मा, मोबाइल, अगदी लाखाची नवी दुर्बीणसुद्धा, बाहेरून धुरकटणारच. निव्वळ यामुळे चांगली दुर्बीण परत करणारे लोक मी पाहिलेत.

४. फ्रीजची तपासणी: घरी

बाटलीची तपासणी घाईची आहे, खरी ही.

पहिल्यांदा, दुर्बीण उघड्या जातीची असेल तर ती ज्या हवेत वापरणार त्या हवेत दोन दिवस ठेवा आणि मधलं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-पंधरा वेळा फिरवा, म्हणजे ती तिथला श्वास घेईल. ही पायरी लोक गाळतात आणि निकाल चुकतो. नागपुरात एप्रिलमध्ये ४० अंशांवर आर्द्रता १५ टक्के असेल, तर दवबिंदू जेमतेम ९ अंश. तिथे पास झालेली दुर्बीण जुलैत रत्नागिरीत पास होईलच असं नाही. माझ्या मते सर्वांत कडक परीक्षा पावसाळ्यात, आणि ती तेव्हाच घ्यावी.

मग दुर्बीण झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, झिप लावा. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ४५ मिनिटं ठेवा. फ्रीजरमध्ये नाही! तिथे ग्रीस घट्ट होतं, आणि आत पाणी असलंच तर ते गोठतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा; आमच्याकडे सासूबाईंनी ती पिशवी भाजीच्या टोपलीत हलवली आणि मी अर्धा तास शोधत बसले.

बाहेर काढायच्या आधी टॉर्च, फुगा आणि कापड हाताशी ठेवा. पिशवी उघडली की बाहेरच्या काचांवर लगेच दव धरेल, ते धरणारच. एका वेळी एकच नळी घ्या: फुगा मारा, पुढची काच पुसा, आयपीस पुसा, टॉर्च मारा, बघा. तुमच्याकडे जेमतेम मिनिटभर आहे, नंतर बाहेरून पुन्हा दव. पुन्हा पुसा, पुन्हा बघा. पंख्याखाली केलंत तर थोडं सोपं जातं. शक्य असेल तर शेजारी कुणाला मोबाइलवर फोटो काढायला लावा, कारण दहा मिनिटांनी “मघाशी किती होतं?” हे आठवत नाही.

५. निकाल कसा वाचायचा

काहीच दिसलं नाही तर उत्तम. पण वरची नागपूरची गोष्ट लक्षात असू द्या.

पातळ धुकं दिसलं आणि दुर्बीण खोलीच्या तापमानाला आल्यावर, दहा-पंधरा मिनिटांत, पूर्ण गेलं, तर आत ओलसर हवा आहे, एवढंच. उघड्या जातीच्या जुन्या दुर्बिणीत हे अपेक्षितच आहे. वाळवा आणि वापरा. हेच धुकं नायट्रोजन भरलेल्या दुर्बिणीत दिसलं तर मात्र तिचं बंदिस्तपण गेलंय. ती आता साधी दुर्बीण आहे आणि भावही साध्या दुर्बिणीचाच द्यायचा.

थेंब दिसले, किंवा धुकं एकाच नळीत जास्त दिसलं, तर त्या नळीत कुठेतरी फट आहे. पट्टा अडकवायच्या कडीजवळचा, नळी जिथे बसवली आहे तो सांधा बघा. दुर्बीण कधी पडली असेल तर मार बहुधा तिथे बसतो.

फ्रीजच्या आधीही तेच, नंतरही तेच, तासाभराने तेच, तर ते धुकं नाहीच. तो मघाचा ग्रीसचा थर, नाहीतर बुरशीची सुरुवात. वाळवण्यात वेळ घालवू नका, जाणकाराकडे न्या.

६. गरम पाण्याची तपासणी: फक्त बंद जातीसाठी

रायफलीच्या दुर्बिणीवाल्यांमध्ये ही पद्धत जास्त चालते. साधारण ४५ अंशांचं पाणी, म्हणजे हाताला चांगलंच गरम लागेल पण भाजणार नाही असं, बादलीत घ्यायचं आणि दुर्बीण त्यात बुडवून बघत राहायचं. २५ अंशांवरून ४५ वर गेलं की आतल्या वायूचा दाब सहा-सात टक्के वाढतो आणि फट असेल तर तिथून बुडबुड्यांची माळ लागते. सुरुवातीला अंगाला चिकटलेले सुटे बुडबुडे हाताने झटकून टाका, ते धरायचे नाहीत. एकाच जागेवरून सतत येत असतील तरच फट.

खरं सांगायचं तर विकत घेतलेल्या जुन्या दुर्बिणीवर हे मी करत नाही. बुडबुडे आले याचा अर्थ फट आहे, आणि पाण्यातच ती थंड होऊ लागली तर त्याच फटीतून पाणी आत ओढलं जाईल. करायचंच असेल तर पाणी गरम असतानाच बाहेर काढा आणि लगेच टिपून कोरडी करा. खांदेवाल्या, सरकत्या आयपीसच्या दुर्बिणीवर तर हे कधीच नाही.

७. आत ओल निघाली तर वाळवायचं कसं

आधी काय करायचं नाही ते सांगते, कारण हे सल्ले तुम्हाला मिळणारच आहेत.

“ऊन दाखवा, जाईल.” जातं, आणि संध्याकाळी परत येतं, कारण ओल आतच राहिली. वर ग्रीस पातळ होऊन काचेवर उडतं ते वेगळंच. हेअर ड्रायरचंही तेच.

“तांदळात ठेवा.” तांदूळ ओल फार ओढत नाही आणि त्याची पांढरी भुकटी सगळ्या सांध्यांत शिरते. तांदूळ भातासाठी.

“खोलून पुसून देतो, २०० रुपये.” इथे खास सावध राहा. या जुन्या जर्मन दुर्बिणींच्या पुढच्या काचा एकात एक बसवलेल्या, मध्य किंचित सरकलेल्या दोन कड्यांमध्ये असतात आणि त्या कड्या फिरवून दोन्ही नळ्यांचं चित्र जुळवलेलं असतं. न जुळवता परत बसवली की दोन चित्रं दिसतात आणि दहा मिनिटांत डोकं चढतं. दुरुस्ती करणाऱ्याला आधी विचारा, “दोन्ही नळ्या जुळवून देता का, आणि कशावर जुळवता?” उत्तर गुळमुळीत आलं तर दुर्बीण उचला आणि निघा.

आता करायचं ते. डब्यात तळाला सिलिका जेल कापडी पिशवीत घालून ठेवा, सुटं नको, त्याची धूळ वाईट. वर दुर्बीण, आयपीस पूर्ण बाहेर काढलेले, झाकणं काढलेली. शेजारी आर्द्रतामापक. झाकण लावा. दिवसातून एकदा डबा उघडून चाक दहा वेळा फिरवा; पंप आता आपल्या कामाला लावायचा, आतली ओली हवा बाहेर आणि डब्यातली कोरडी हवा आत. माझ्या दुर्बिणीला अडीच आठवडे लागले.

सिलिका जेलचे खडे निळ्याचे गुलाबी किंवा नारिंगीचे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या खड्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. ते स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये नको. घरी नारिंगीच आणा.

स्वस्त आर्द्रतामापक खोटं बोलतात, म्हणून तो आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार-पाच थेंब पाणी घालून ते नुसतं ओलसर करा, विरघळवू नका. हे झाकण आणि मापक एका बंद डब्यात सात-आठ तास ठेवा. आत आर्द्रता ७५ टक्के व्हायला हवी. माझा मापक ६९ दाखवतो, तेव्हा मी मनात सहा मिळवते.

वाळल्यावर दुर्बीण कायमची ठेवायची ती ४० ते ५० टक्क्यांत. ६५-७० च्या वर बुरशीला मोकळं रान मिळतं, आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने घरातली हवा त्याच्या वरच असते. चामडी पेटीत तर ठेवूच नका. चामडं ओल धरतं आणि बुरशीला खाऊही घालतं. पेटी सुंदर असते, मान्य. ती फडताळावर शोभेला ठेवा.

८. पुन्हा फ्रीज

वाळवणं झालं की डब्यातून काढल्या काढल्या, चाक न फिरवता, पिशवीत घालून फ्रीजची तपासणी पुन्हा करा आणि आधीच्या फोटोशी ताडून बघा. स्वच्छ निघाली, तर ओल गेली. मग दुर्बीण आठवडाभर बाहेर वापरून तिसऱ्यांदा तपासा. यावेळी धुकं किती परत आलं, त्यावरून तुमची दुर्बीण किती जोराने श्वास घेते ते कळेल.

माझी उजवी नळी आता स्वच्छ आहे. डावीत पावसाळ्यात थोडं धरतं आणि धरत राहणार. थंडीतल्या सहलीला निघताना मी ती डब्यातून थेट झिपच्या पिशवीत घालते, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि होडीत बसल्यावर, बाहेरच्या हवेची सवय होऊ देऊन, वीस मिनिटांनी बाहेर काढते. गेल्या जानेवारीत भिगवणला तिच्यातून पट्टकादंब हंसांच्या डोक्यावरचे दोन्ही काळे पट्टे मोजता आले. नावाडीदादांनी रुमाल पुढे केला होता, लागला नाही.